नाव ठेवायला जागा

"हे वाण आहे?"

कुमुदआत्यानं माऊसपॅड हातात घेतला, उलटा केला, हुंगला आणि शेजारच्या बाईंकडे दिला. त्यांनीही तो हुंगला. भजनी मंडळाची ती रीतच होती. एकीनं सुरुवात केली की बाकीच्या मागून धरायच्या.

"माऊसपॅड आहे, आत्या," मी म्हणाले. "कॉम्प्युटरच्या माऊसखाली ठेवतात."

"माझ्याकडे कॉम्प्युटर नाही."

"उंदीर आहेत की," मागून कुणीतरी म्हणालं.

"गरम पातेल्याखाली चालेल," शेवंताबाई मगदूम यांनी निकाल दिला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि निकाल द्यायची सवय नोकरीबरोबर सुटली नव्हती. सगळ्यांनी माऊसपॅड पिशवीत टाकले. संक्रांतीचं वाण पावन झालं.

याला आता बरीच वर्षं झाली. हळदीकुंकू घरी न करता कॉम्प्युटर क्लासमध्ये करायची कल्पना माझी होती. सांगलीत, मिरज रोडवर, पहिल्या मजल्यावर तो क्लास. खाली शेतीच्या औषधांचं दुकान असल्यामुळे जिन्यात कायम असा वास असायचा की डास पहिल्या पायरीवरून परत फिरायचे. त्या जिन्यानं भजनी मंडळ नाकाला पदर लावून वर आलं होतं. कार्यक्रम असा होता : हळदीकुंकू, तिळगूळ, गुलाबपाणी, मग प्रत्येकीनं कॉम्प्युटरसमोर बसून आमची वेबसाइट वापरून दाखवायची, आणि शेवटी मसाला दूध.

वेबसाइटचं नाव होतं 'खात्रीचा माणूस'. आपल्याकडे नळ गळायला लागला की कुणी प्लंबर शोधत नाही. आधी शेजाऱ्याला विचारतो, "तुमच्या खात्रीचा कुणी आहे का?" शेजारी त्याच्या मेव्हण्याला विचारतो. मेव्हणा ज्याचं नाव सांगतो तो वारलेला असतो. तोवर नळ आपोआप थांबतो, कारण पाणी गेलेलं असतं. हा सगळा विचारण्याचा खटाटोप एका जागी आणायचा, ओळखीच्यांनी ओळखीच्यांना चांगली माणसं सुचवायची, अशी आमची योजना होती. शिंपी, डॉक्टर, रंगारी, आचारी, जो आपल्याला चांगला वाटला तो.

साइट बांधली होती सन्मती चौगुलेनं. शब्द माझे. म्हणजे जे चालायला हवं ते त्याचं आणि जे दिसायला हवं ते माझं. क्लास त्याच्या चुलत्यांचा. तो तिथं शिकवायचा आणि मीही शिकवायचे. मराठीत एम.ए. केलेल्या मुलीला त्या काळी सांगलीत दोनच वाटा होत्या, बी.एड. आणि लग्न. मी दोन्हीकडे पाठ करून विद्यार्थ्यांना फाइल कशी उघडायची ते दाखवत होते.

सन्मती उंच, शांत आणि अतिशय त्रासदायक माणूस होता. काहीही विचारलं की तो आधी चष्मा पुसायचा. चष्मा पुसून झाला की म्हणायचा, "बघू की." घराला आग लागली असती तरी त्यानं चष्मा पुसूनच बादली शोधली असती. चहा निवेपर्यंत समोर ठेवायचा आणि मग म्हणायचा, निवला. त्याच्याशी भांडता यायचं नाही, कारण भांडणाला दोन माणसं लागतात आणि तो एकसुद्धा भरायचा नाही.

महिनाभर आम्ही दिसेल त्याला साइट दाखवत होतो. सगळे म्हणाले, "छान आहे." मराठीत 'छान आहे' हे मत नसतं, तो निरोप असतो. 'आता मी निघतो' असा त्याचा अर्थ. माझ्या मामांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रंग छान आहे." रंग पांढरा होता. आपणहून लिहिणारा आख्ख्या शहरात एकच निघाला, सन्मतीचा चुलतभाऊ पार्श्व. त्यानं दिसेल त्या जागेबद्दल 'एकदम मस्त, पुन्हा जाणार' असं लिहून ठेवलं होतं. त्यात अमरधाम स्मशानभूमीही होती.

अशात पुण्याच्या एका कंपनीनं सन्मतीला नोकरी देऊ केली. सोमवारी फोन करून हो की नाही ते कळवायचं होतं.

"मग?" मी जिन्यात त्याला अडवून विचारलं.

"लोकांनी लिहिलं तर थांबतो."

"लिहितील की. मी मागे लागते."

"मागं लागून नको. आपणहून."

"आणि नाही लिहिलं तर?"

त्यानं चष्मा पुसला. पण 'बघू की' म्हणाला नाही. तेव्हा मला कळलं की हा जाणार.

तो गेला असता तर साइट बंद पडली असती. मला वाईट वाटत होतं ते तेवढ्याचंच. निदान मी सगळ्यांना तसं सांगत होते, न विचारणाऱ्यांनासुद्धा.

म्हणून भजनी मंडळ. त्यामागे विचार होता. यातल्या निम्म्या बायका निवृत्त सरकारी नोकर होत्या, आणि सरकारनं इंक्रिमेंट अडवण्याची धमकी देऊन त्यांना कॉम्प्युटरचा कोर्स करायला लावला होता. तेव्हा एका बोटानं का होईना, त्या टाइप करू शकत होत्या. शिवाय गावातला शिंपी, डॉक्टर, दूधवाला, भटजी, कोण कसा आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सन्मतीनं कुठंतरी वाचलं होतं की नवी साइट दाखवताना वापरणाऱ्याला काही शिकवायचं नसतं.

"बोलायचं नाही, हात लावायचा नाही. नुसतं बघायचं," तो म्हणाला.

"मुलगी बघायला गेल्यासारखं?"

"तिथं बोलतात," तो म्हणाला.

बायका कॉम्प्युटरसमोर बसल्या. मी एवढंच सांगितलं, की तुमच्या ओळखीच्या माणसाबद्दल लिहा, मनात येईल ते लिहा, आणि खालचं हिरवं बटण दाबा. कीबोर्डला कुणी हात लावेना. पानावर बसून नैवेद्याची वाट बघावी तशा सगळ्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मला ते बघवेना. सन्मतीला कोपऱ्यात पाण्याच्या फिल्टरपाशी उभा केला आणि मी खाली दूध आणायला गेले. डेअरीत रांग होती. मी रांगेत उभी राहून पुण्याला जाणाऱ्या सगळ्या एसट्यांना मनातल्या मनात शाप दिले.

दुधाची किटली घेऊन जिना चढताना वरून आवाज आला. आधी वाटलं, कुणीतरी लाह्या फोडतंय. दार उघडलं तर सगळे कीबोर्ड एकदम वाजत होते. लीलाताई आरवाडे, पोस्टात शिक्के मारून निवृत्त झालेल्या, त्याच जोरानं कीबोर्डवर बोट मारत होत्या. शेवंताबाईंचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. मधूनच कुणीतरी खदखदून हसायचं, मग शेजारची तिच्या पडद्यात डोकावायची, "अगं, हेही घाल," म्हणायची, आणि पुन्हा लाह्या.

सन्मती फिल्टरला टेकून उभा होता. त्याचा चेहरा लालभडक झाला होता.

"लिहितायत?" मी कुजबुजले.

"लिहितायत."

"आपणहून?"

"फारच आपणहून."

मी किटली हातात घेऊन तिथल्या तिथं गिरकी घेतली. थोडं दूध त्याच्या बुटावर सांडलं. तो काही बोलला नाही. हेही त्याचं नेहमीचंच. मला त्या क्षणी शेवंताबाईंना मिठी मारावीशी वाटली, लीलाताईंना उचलावंसं वाटलं, खालच्या औषधाच्या वासाला नमस्कार करावासा वाटला. किती छान माणसं गावात आहेत आणि किती भरभरून त्यांचं कौतुक होतंय! कौतुक वाचावं म्हणून मी लीलाताईंच्या खांद्यावरून वाकले.

पडद्यावर होतं :

'दिगंबर टेलर, गावभाग. ब्लाऊज गणपतीत टाकला. दिवाळीत विचारला तर म्हणे कुठला? संक्रांतीला मिळाला तो माझा नव्हता. वर मलाच म्हणतो, ताई, तब्येत सुधारली.'

खाली आणखी बरंच होतं, पण माझे डोळे पुढच्या पडद्यावर गेले.

'डॉ. खोत, दातांचे. दाढ काढताना स्वतःच्या मुलीचे बारावीचे मार्क सांगतात. आपलं तोंड उघडं. कौतुक कशानं करायचं?'

त्याच्या पुढचा :

'सर्जेराव, दूधवाला. दुधात पाणी घालतो हे खोटं आहे. पाण्यात दूध घालतो.'

त्याच्या पुढच्या पडद्यावर कामाच्या रकान्यात 'इतर सेवा' होतं आणि नावाच्या रकान्यात 'माझी धाकटी जाऊ'.

"लीलाताई," मी म्हणाले, "हे काय?"

"तू सांगितलंस तेच."

"मी चांगल्या माणसांबद्दल लिहा म्हटलं होतं."

"तू म्हणालीस, मनात येईल ते. आणि इथं तर स्पष्टच दिलंय." त्यांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

तिथं माझं हिरवं बटण होतं. त्यावर माझे शब्द होते : 'नाव ठेवा'.

आता या बटणावरून आमचं आधी एकदा झालं होतं. म्हणजे माझंच झालं होतं. सन्मती म्हणाला होता, "सेव्ह लिहू. सगळ्यांना कळतं." मी म्हटलं, मराठी साइटवर सेव्ह चालणार नाही. तो म्हणाला, "मग जतन करा." मी म्हटलं, जतन करा म्हटलं की पुरातत्त्व खातं आठवतं. सुचवलेल्या माणसाचं नाव साइटवर ठेवायचं आहे ना, मग 'नाव ठेवा'. सोपं, सरळ, घरगुती. त्यानं चष्मा पुसला. मी एम.ए. असल्यामुळे विषय तिथंच मिटला.

मी फिल्टरपाशी गेले.

"तुला माहीत होतं?"

"आजच कळलं. तू खाली गेल्यावर."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायचं नाही, असं ठरलं होतं," सन्मती म्हणाला.

मी दूध आणायला गेले तेव्हा काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं. बोलायला आळशी असला तरी ऐकलेलं तो शब्दाला शब्द सांगायचा. शेवंताबाईंनी म्हणे चष्मा कपाळावर चढवला आणि वर्गात धडा वाचावा तसा पडदा मोठ्यानं वाचायला घेतला. "व्यक्तीचे नाव. काम. ठिकाण. आपला अनुभव. नाव ठेवा." थांबल्या. परत वाचलं. "नाव ठेवा."

"कुणाला?" आत्यानं विचारलं.

"ते नाही दिलेलं. म्हणजे कुणालाही."

"असं सरळ लिहिलंय?"

"हिरव्या अक्षरांत."

"आणि वाचणार कोण?" लीलाताई.

"गाव."

मग शेवंताबाई म्हणाल्या, "आपल्यात म्हणायची पद्धत आहे, नाव ठेवायला जागा नाही. या पोरीनं जागा करून दिली, बायांनो." आणि लाह्या फुटायला लागल्या.

पुढचं माझ्यासमोरच झालं. आत्या लीलाताईंच्या पलीकडे बसली होती. तिनं सहज शेजारच्या पडद्याकडे पाहिलं आणि वाचायला लागली, "कुमुद. काम, पेटी. गाणं पुढे निघून जातं, पेटी मागून रिक्षा करून येते." ती थांबली. "हे कुणी लिहिलं?"

सगळं मंडळ भिंतीवरच्या कीबोर्डच्या तक्त्याकडे बघायला लागलं.

आत्यानं शांतपणे खुर्ची पुढे ओढली, नावाच्या रकान्यात 'लीला आरवाडे' आणि कामाच्या रकान्यात 'टाळ' असं घातलं आणि पुढे बराच वेळ टाइप करत राहिली. लीलाताई वाकून वाचत होत्या. "बेताळ नाही गं, बेताल," असं शुद्धलेखनही सांगत होत्या. मग दोघी एका रकान्यात वाकून इतक्या हसल्या की आत्याला ठसका लागला आणि मसाला दूध तिथंच उघडावं लागलं.

जाताना सगळ्यांचे चेहरे तेल लावून न्हाल्यासारखे दिसत होते.

"इतकं मोकळं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं," शेवंताबाई म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी परत ठेव."

"हळदीकुंकू?"

"ते राहू दे. नावं."

त्या गेल्यावर आम्ही दोघं रिकाम्या वर्गात बसलो. गुलाबपाणी आणि कीटकनाशक यांचा मिळून एक नवाच वास तयार झाला होता.

"बटण आत्ताच्या आत्ता बदल," मी म्हटलं. "आणि हे सगळं पुसून टाक."

"उद्या," सन्मती म्हणाला. "लोकांचं लिहिलेलं असं पुसू नये."

"लोक म्हणजे? ही आपली साइट आहे! कौतुकाची साइट! त्यात माझी आत्या रिक्षातून येतेय!"

त्याला हसू आलं. मला आलं नाही. नंतर आलं, घरी, तोंडावर उशी घेऊन.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, क्लास बंद होता. पण आम्ही दोघं पुसायला म्हणून आलो होतो. मी बसते न बसते तोच जिन्यात खोकल्याचा आवाज आला आणि दारात दिगंबर टेलर उभा राहिला. गळ्यात टेप, कानावर खडू, सायकल दामटत आल्याची धाप.

"ताई," तो म्हणाला, "माझं नाव तुमच्यात ठेवलंय म्हणं."

बातमी एका रात्रीत गावभागात पोचली होती. भजनी मंडळाला इंटरनेटची गरज कधीच नव्हती.

"चूक झाली ओ," मी घाईघाईनं म्हणाले. "लगेच पुसते. तुम्ही बसा. पाणी घ्या."

"पुसायच्या आधी वाचा तरी."

"नको, कशाला उगाच."

"वाचा की. गावानं वाचलं, आता माझ्यापास्नंच लपवताय व्हय?"

मी सन्मतीकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. मी खालच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"मोठ्यानं," दिगंबर म्हणाला.

मी मोठ्यानं वाचलं. गणपती, दिवाळी, संक्रांत. 'ताई, तब्येत सुधारली' इथं मला घाम फुटला. त्याचा चेहरा हलला नाही. मग मी पुढच्या, काल न वाचलेल्या ओळीवर आले :

'तरी लग्न झाल्यापासून त्याच्याकडेच टाकते. माझी सगळी मापं त्याच्या डोक्यात आहेत, वहीत बघत नाही. मेल्याचा हात इतका सुरेख आहे की दुसऱ्याकडे टाकलेला ब्लाऊज अंगात घालवत नाही.'

दिगंबरनं गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

"कोणी लिहिलंय?"

"मला माहीत नाही," मी खोटं बोलले.

"लीलाताईंनी," तो म्हणाला. "तब्येतीचं मी त्यांनाच म्हटलेलो." मग घसा खाकरला. "पुसू नका."

"नको?"

"न्हाई. आनि जरा बघा, त्या स्टँडजवळच्या नूतन टेलर्सबद्दल काय लिवलंय? त्यानं एसी बसवलाय."

मी शोधलं. "काही नाही."

"नीट बघा."

"एक अक्षर नाही ओ."

दिगंबर खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं, पण वरून दया फासलेलं. "एवढा एसी लावून बसलाय," तो म्हणाला, "आनि नाव ठेवायलासुद्धा कोन जात न्हाई बिचाऱ्याकडं."

मग म्हणाला, "तेवढी एक प्रिंट द्या. दुकानात लावतो."

आणि ती प्रिंट टेपमध्ये गुंडाळून, शीळ घालत, तो जिना उतरला.

सन्मती भिंतीपासून सरकून कॉम्प्युटरवर बसला. एकेक नोंद उघडत गेला. मग मला म्हणाला, "शेवटची ओळ बघ. सगळ्यांची."

डॉ. खोतांखाली होतं, 'तरी माझ्या दातांना हात लावू देते तो यांनाच.' सर्जेरावाखाली, 'तरी दुसऱ्याचं दूध नातवाला चालत नाही, आणि पुरात गळ्याएवढ्या पाण्यातून किटली घेऊन तोच आला होता.' आत्याच्या पेटीखाली, 'तरी कुमुद आली नाही तर भजन उभंच राहत नाही.' आणि त्या धाकट्या जावेखाली, कामचुकार, तोंडाळ, दुधावर साय राहू न देणारी अशा सगळ्या विशेषणांनंतर, 'तरी माझ्या ऑपरेशनला दवाखान्यात हीच जमिनीवर झोपली होती.'

आम्ही वाचत गेलो. एकीनंही 'छान आहे' लिहिलं नव्हतं, आणि एकीनंही 'तरी' सोडलं नव्हतं.

"सन्मती," मी म्हणाले, "अरे, या शिफारशी आहेत."

"होय."

"महिनाभर आपण लोकांना कौतुक करा म्हणत होतो. आपल्या लोकांना ते येतच नाही! आधी दहा नावं ठेवल्याशिवाय त्यांच्या तोंडातून चांगला शब्द निघत नाही. आणि ज्याच्याशी काही घेणंदेणं नाही त्याला ते नावंसुद्धा ठेवत नाहीत!" मी खुर्चीवर उभी राहिले होते, ते मला नंतर लक्षात आलं. "बटण बदलायचं नाही. आपली साइट चालली! चालली ना?"

"चालली."

"लोकांनी आपणहून लिहिलं ना?"

"लिहिलं."

"मग उद्या फोन करून नाही म्हणून सांग."

त्यानं चष्मा काढला. "मी विचार करत होतो," तो म्हणाला, "आता साइटला काही धोका नाही. पार्श्व सांभाळेल. मीसुद्धा पुण्याहून बघत जाईन. म्हणजे आता मी गेलो तरी तसं तुझं काही अडत नाही."

मी खुर्चीवरून खाली उतरले. साइट बंद पडेल, साइट बंद पडेल, म्हणून मी इतके दिवस गावभर रडत फिरले होते. त्यानं ते सगळं खरं धरलं होतं. हा माणूस ऐकलेलं शब्दाला शब्द लक्षात ठेवायचा, हे मी आधी सांगितलंच आहे.

"जा मग," मी म्हणाले.

संध्याकाळी आत्यानं विचारलं, "थांब म्हणालीस का त्याला?"

"सगळं सांगून झालं."

"काय सांगितलंस?"

"पुण्यात चष्मा बदलून घे म्हटलं."

आत्यानं मग माऊसपॅड उचलून त्यावर आमटीचं पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या आजीनं तुझ्या आजोबांना आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नाही. पण ती निदान नावं तरी ठेवायची. तोंडावर."

सोमवारी मी क्लासमध्ये लवकर गेले. सन्मती आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, जणू फोनमधून दिसणार होतं. टेबलावरच्या फोनपाशी बसला, खिशातून नंबर काढला.

"थांब," मी म्हणाले. "एक टेस्ट राहिलीय."

"कुणाची?"

"माझी. मी अजून साइट वापरून बघितलेली नाही."

ते खरंच होतं. तो उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधून, नियमाप्रमाणे. मी लिहायला लागले.

व्यक्तीचे नाव : सन्मती बाबासाहेब चौगुले.

काम : सगळं.

ठिकाण : पलीकडची खुर्ची.

आपला अनुभव : 'विचारलं की चष्मा पुसतो. पुसून झाला तरी उत्तर येत नाही. चहा स्वतः थंड करतो आणि थंड झाला म्हणून तोंड वाकडं करतो. घरी जैन म्हणून बटाटा खात नाही, स्टँडसमोर उभा राहून दोन बटाटेवडे खातो. मी चुकते तेव्हा सांगत नाही. नंतरही सांगत नाही. गुपचूप दुरुस्त करून ठेवतो, त्यामुळे आपण कधी चुकतच नाही असं मला वाटायला लागलंय. बुटावर दूध सांडलं तरी बोलत नाही. दुसऱ्याच्या तोंडचं सगळं खरं धरतो. अशा माणसाबरोबर काम करणं तब्येतीला चांगलं नाही.'

मग तो म्हणाला, "वडा एकच खातो. दुसरा तू खातेस."

"वापरणाऱ्याशी बोलायचं नसतं."

"चुकीची माहिती जाऊ नये म्हणून."

मी 'दोन' खोडून 'एक' केलं आणि बटणाकडे हात नेला.

"राहिलं," सन्मती म्हणाला.

"काय राहिलं?"

"तरी."

"कसलं तरी?"

"सगळ्यांनी शेवटी तरी लिहिलंय. तुझं राहिलंय."

मी टाइप केलं, 'तरी'. पुढे ती उभी रेघ लुकलुकत राहिली. साइटवरचा शब्दन् शब्द माझा होता. 'आपला अनुभव' माझा, 'इतर सेवा' माझा, हिरव्या बटणावरचा तो घोळसुद्धा माझा. आणि या एका शब्दापुढे मला दुसरा शब्द सापडेना. खाली कुणीतरी पिकावरच्या किडीचं औषध मागत होतं. मी शेवटी ते 'तरी' तसंच एकटं सोडलं आणि बटण दाबलं.

नोंद पडद्यावर आली. सन्मतीनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग परत वाचली. मग फोनपाशी गेला आणि नंबर फिरवला. मी पडद्याकडेच बघत बसले, कारण दुसरीकडे कुठं बघायचं ते कळत नव्हतं.

"हॅलो, मी चौगुले. सांगलीहून. हां मॅडम. नाही, येणं जमणार नाही मला."

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. त्यानं फोनवर हात ठेवला.

"कारण विचारतायत."

"सांग काहीतरी," मी पडद्याला म्हणाले.

"मॅडम, इथं एक काम निघालंय," तो फोनमध्ये म्हणाला. पुन्हा ऐकलं. पुन्हा हात ठेवला. "काम टेंपररी आहे का विचारतायत. टेंपररी असेल तर मार्चपर्यंत जागा ठेवतो म्हणतात."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. परत मिटलं. तो थांबला. पुण्याच्या मॅडमना फोनवर ताटकळत ठेवून, इस्त्रीच्या शर्टात, माझ्याकडे बघत तो चांगला सावकाश थांबला.

मग त्यानं हात काढला.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "परमनंट."